खड्यावरची वाफ

म्हैसूरच्या सयाजीराव रोडवर दसऱ्याच्या हत्तींची तालीम चालू होती. पोलिसांनी दोरी धरली होती आणि मृण्मयीला जायचं होतं पलीकडच्या बसथांब्यावर. अर्धा तास तरी सुटका नाही हे कळल्यावर ती मागच्या गल्लीत वळली आणि सावली बघून पहिल्याच दुकानाच्या पायरीवर चढली.

दुकान म्हणजे एक खोली. काचेचं कपाट, दोन टेबलं, दोन दिवे. एका टेबलाशी म्हातारे शंभूराव कुणाचं तरी जोडवं सरळ करत बसले होते. दुसऱ्याशी त्यांचा मुलगा प्राणेश, डोळ्याला भिंग लावून अंगठीत खडा बसवत होता. मान वर न करताच त्यानं कानडीत "बन्नी, कूतकोळ्ळी" म्हटलं आणि स्टूल दाखवलं. ती बसली, तेवढ्यात तिचा फोन वाजला. ती आईला मराठीत सांगू लागली की हत्तींमुळे उशीर होतोय, आणि नाही गं, चेष्टा कशाला करू, खरे हत्ती.

प्राणेशच्या चिमट्यातला खडा सुटून टेबलावर पडला.

फोन संपल्यावर तो म्हणाला, "पाणी देऊ का तुमाला?"

ती चकित झाली. तिनं विचारलं, तुम्ही मराठी? तो हो म्हणाला. त्याच्या पणजोबांचे पणजोबा कधीतरी इकडे आले, कापड रंगवायचे, छापायचे. आजोबांनी रंगाच्या कढया विकल्या आणि खड्यांचं काम धरलं. मराठी राहिली ती घरात, जेवताना आणि भांडताना बोलण्यापुरती. आज ती बाहेरच्या माणसाशी बोलताना त्याला घरातली लुंगी नेसून रस्त्यावर आल्यासारखं वाटत होतं.

मृण्मयी सांगलीची. वर्षभरापूर्वी नोकरीसाठी म्हैसूरला आलेली, कुवेंपुनगरात इंदिराबाईंच्या घरी वरची खोली घेऊन राहणारी. तिनं कपाटाकडे बोट केलं. "हे हिरे आहेत?"

"नव्हे. सीझेड. लोक अमेरिकन डायमंड म्हणतात. अमेरिकेचा काय संबंध, कुणाला ठाऊक नाही."

"म्हणजे खोटे."

"हिरा म्हणून विकला तर खोटा. सीझेड म्हणून विकला तर खरा सीझेड की."

ती हसली. त्याच्या 'की'ला हसली की बोलण्याला, ते त्याला कळलं नाही, पण ते हसू पुन्हा ऐकायची सोय करावी असं मात्र वाटलं. त्यानं नमुन्याचा एक बारीक हिरा काढला, शेजारी तेवढाच सीझेड ठेवला. दोन्ही साबणाच्या पाण्यात बुडवले, मऊ ब्रशनं घासले, सुती फडक्यानं कोरडे केले. मग म्हणाला, फुंकून बघा. आरशावर फुंकतो तसं.

ती वाकली. हिऱ्यावरची वाफ नजर पोचायच्या आत उडाली. सीझेडवर मात्र ती पांढरी होऊन बसली.

"गेली नाही," ती हळूच म्हणाली.

"जाईल. तीन मोजा."

ती तशीच वाकून बघत राहिली. तिचा श्वास खड्यावर बसला होता आणि प्राणेश तो मोजत होता... एक, दोन, तीन. मग खडा लखलखला, आणि बाहेर पोलिसांनी दोरी सोडल्याची गडबड ऐकू आली.

त्या दिवशी ती सीझेडच्या बारीक कुड्या घेऊन गेली. चार दिवसांनी एका कुडीची फिरकी सैल झाली म्हणून आली. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कुडीची फिरकी घट्ट झाली म्हणून आली. एकदा तर काहीच बिघडलं नव्हतं. ती म्हणाली, बस चुकली. तिचा बसथांबा दोन रस्ते पलीकडे आहे हे प्राणेशला ठाऊक होतं, पण त्यानं ते बोलून दाखवलं नाही. तो तिला दगडांच्या गोष्टी सांगायचा. सीझेड भट्टीत होतो, पांढऱ्या भुकटीचा. हिऱ्यापेक्षा जड असतो. रंग हिऱ्यापेक्षा जास्त फेकतो, त्यावरूनच सापडतो. ती त्याच्या मराठीच्या चुका काढायची, आणि तो काही चुका मुद्दाम करायचा.

शंभूराव दुसऱ्या टेबलावरून सगळं ऐकत आणि मान खाली घालून काम करत.

मग दसरा झाला, आणि निशांत आला.

आला म्हणजे गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करून तिला न्यायला आला. तोही सांगलीचा, मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. दोघांच्या घरच्यांची ओळख जुनी. दुकानात येऊन त्यानं शंभूरावांना नमस्कार केला, कपाटातलं काम बघितलं आणि मनापासून चांगलं म्हणाला. माणसात काढायला खोड नव्हती. प्राणेशनं बरीच शोधली.

त्याला सगळ्यात झोंबलं ते निशांतचं मराठी. सरळ, सलग, कुठं अडखळणं नाही. मृण्मयी आणि तो बोलायला लागले की एकाच नळाचं पाणी वाहिल्यासारखं वाटे. ती निशांतच्या बोलण्याला हसत नव्हती. याचं प्राणेशला आधी बरं वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं, हसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. ती दोघं एका घरची होती आणि हसायचं असतं ते बाहेरच्यालाच.

त्या दिवसापासून त्याचं काही खरं राहिलं नाही. निशांतच्या घड्याळाचा त्याला राग आला. गाडीचा राग आला. पुढच्या सीटवर बसून ती पट्टा ओढून लावायची, तर त्या पट्ट्याचासुद्धा राग आला. ती दुकानात असली की तो गाडीचा आवाज येतोय का ते ऐकत बसे, आणि नसली की ती कुठं असेल ते. एका हाराच्या मुखड्यात त्यानं पाच खडे तिरके बसवले. शंभूरावांनी भिंगातून ते बघितले आणि मुखडा परत त्याच्यापुढं ठेवला.

"लोक दुसऱ्याच्या नावानं खडे फोडतात," ते म्हणाले. "तू बसवतोयस. काढ सगळे."

त्यानं काढले. पुन्हा बसवताना एकदा गाडीचा हॉर्न वाजला, तर हात हललाच.

नरक चतुर्दशीला सकाळी दहाच्या सुमारास मृण्मयी एकटीच आली. तिला दिवाळीला रजा मिळाली नव्हती. इंदिराबाईंनी पहाटे उठवून तिच्या डोक्यावर वाटीभर खोबरेल ओतलं होतं आणि जोर लावून चोळलं होतं, म्हैसूरला आलेली पोर अभ्यंगाशिवाय राहता कामा नये म्हणून. केस अजून ओले होते, पाठीवर मोकळे सोडलेले. ती वाकून बसली तसा खोबरेलाचा आणि शिकेकाईचा वास टेबलापर्यंत आला. प्राणेशनं तो छातीभर घेतला. त्या वासावरून त्याला एक गोष्ट आठवायला हवी होती. आठवली नाही.

तिनं बोटातली अंगठी काढून फडक्यावर ठेवली.

"हिचं एक नख वर आलंय. केसांत अडकते."

खडा धरणाऱ्या चार नखांपैकी एक खरंच वर आलं होतं. मध्ये एकच खडा, टपोरा. प्राणेशनं विचारलं, कुणाची. विचारायची गरज नव्हती.

निशांतची आई सांगलीहून दिवाळीला आली होती, मृण्मयी म्हणाली. काल धनत्रयोदशी, म्हणून त्यांनीच बोटात घातली. हिऱ्याची आहे. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा. हे सगळं तिनं बसचं वेळापत्रक वाचावं तसं सांगितलं. मग म्हणाली, "छान आहे ना?"

शंभूराव देवळात गेले होते. दुकानात दोघंच. प्राणेशनं अंगठी उचलली, तोंडाजवळ नेली आणि फुंकर घातली.

वाफ बसली.

एक. दोन. तीन... हळूहळू ती कडेनं आटली. त्यानं पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. साबणाच्या पाण्याची वाटी त्याच्या कोपराशी होती. हिरा ओळखायचं पेनासारखं यंत्र खणात होतं. त्याचा हात ना वाटीकडे गेला, ना खणाकडे.

"सीझेड आहे," तो म्हणाला.

"काय?"

"हिरा नव्हे. बघितलात की तुमी. वाफ थांबली."

तिनं अंगठीकडे बघितलं. मग त्याच्याकडे. "नक्की?"

"नक्की."

ती म्हणाली, राहू दे इथंच, नख तेवढं बसवून ठेवा. ओढणी सावरून ती उठली. पायरी उतरताना त्याला तिची पाठ तेवढी दिसली, आणि ओल्या केसांनी भिजलेला कुर्ता.

पुढचे दोन दिवस प्राणेशची दिवाळी खरी दिवाळी झाली. त्यानं दुकानाला झेंडूची तोरणं स्वतः बांधली. शेजाऱ्यांच्या मुलांना फुलबाज्या वाटल्या. एवढी मोठी गाडी, एवढं सरळ मराठी, आणि अंगठीत सीझेड! ज्या खड्यावर त्याचं घर चाललं होतं त्याच खड्याला तो मनात हसत होता, आणि हे त्याच्या लक्षातही येत नव्हतं.

पाडव्याला जेवताना न राहवून त्यानं वडिलांना सांगितलं. शंभूरावांनी ऐकून घेतलं. भाताचा घास कालवत त्यांनी एवढंच विचारलं, "धुतलास ना?"

प्राणेश ताटावरून उठला.

दुकान बंदच होतं. त्यानं मागचं दार उघडलं, दिवा लावला, कोमट पाण्यात साबण विरघळवला आणि अंगठी बुडवून खड्याच्या मागच्या बाजूनं ब्रश फिरवला. पाण्यावर तेलाचा एक तवंग आला, चिल्लर नाण्याएवढा. त्याला खोबरेलाचा वास होता.

हिरा तेल ओढून धरतो, सीझेडपेक्षा किती तरी जास्त, आणि तेलावर वाफ थांबते. म्हणून खडा आधी धुवायचा आणि मग फुंकायचा, हे शंभूरावांनी त्याला मिसरूड फुटायच्या आधी शिकवलं होतं. त्यानं अंगठी पुसली आणि फुंकर घातली. ओठ मिटायच्या आत वाफ गेली होती. यंत्र लावलं. ते वाजलं.

तो तिथंच बसून राहिला. नख बसवून अंगठी परत दिली असती तर कुणाला काही कळणार नव्हतं. तिला हिऱ्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि जेवढं ठाऊक होतं तेवढं त्यानंच शिकवलं होतं.

शंभूराव मागून येऊन आपल्या स्टुलावर बसले. आपल्या टेबलाचा खालचा खण ओढून त्यांनी एक डबी काढली. आत प्राणेशच्या आईच्या कुड्या होत्या, सात-सात खड्यांच्या. ती गेल्याला तीन वर्षं झाली होती. डबी त्या खणात असते हे प्राणेशला ठाऊक नव्हतं.

"सीझेड," शंभूराव म्हणाले. "मीच बसवलेले. चोवीस वर्षं तिच्या कानात होते. कडा बघ, घासल्यात. हिरे असते तर आज नवे दिसले असते." त्यांनी अंगठ्यानं एक कुडी पुसली. "मी पहिल्या दिवशीच तिला सांगितलं, हे हिरे नव्हेत. ती म्हणाली, मला ठाऊक आहे, तुमी सांगता का नाही ते बघत होते."

मग डबी मिटत त्यांनी अंगठीकडे हनुवटी केली. "जा. तिला सांगून ये."

बसमध्ये प्राणेश एकच वाक्य घोकत होता. धुवायला विसरलो. धुवायला विसरलो. कुवेंपुनगर येईपर्यंत ते पाठ झालं.

इंदिराबाईंच्या दारात मृण्मयी पणत्या पुसत बसली होती. तिनं सांगितलं की निशांतला तिनं त्याच दिवशी फोन करून विचारलं होतं. त्याच्या आईनं अंगठी स्वतः निवडलेली, कागदपत्रं सांगलीच्या कपाटात. त्याची आई दोन दिवस नीट जेवली नव्हती. निशांत विचारत होता की तो दुकानदार कोण, त्याला भेटतोच. तिनं अजून नाव सांगितलं नव्हतं.

प्राणेशनं अंगठी पायरीवर ठेवली.

"हिरा खरा आहे," तो म्हणाला. "मी धुतला नव्हता. तेल होतं तुमच्या केसांचं."

तिनं हातातली पणती खाली ठेवली. तिचे डोळे भरून आले, ते त्याला दिसलं. का भरले, ते कळलं नाही.

"धुवायला विसरलात?"

हो म्हणायचं होतं. बसभर तेवढंच केलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "विसरलो असं सांगणार होतो. पण... वाटी इथं होती, हाताशी. मला तो खोटा हवा होता. वाफ थांबलेली बघितली आणि पुढं काही बघितलंच नाही."

"का हवा होता खोटा?"

"तुमाला ठाऊक आहे की."

"मला ऐकायचंय. मराठीत."

त्यानं शोधलं. त्याच्या घरच्या मराठीत भातासाठी शब्द होते, वीजबिलासाठी होते, आजारपणासाठी होते. हा शब्द त्या घरात कुणी मोठ्यानं उच्चारलाच नव्हता.

"तुमी त्याच्या गाडीत बसता," तो शेवटी म्हणाला, "तेव्हा माझ्या पोटात दुखतं. तुमी त्या गाडीचा पट्टा लावता तेव्हा जास्त दुखतं."

एरवी ती हसली असती. आज हसली नाही. ती म्हणाली, "तुमच्यामुळे एक बाई दिवाळीत जेवली नाही, प्राणेश."

"मी येतो. त्यांना सांगतो."

दोघं निशांतच्या फ्लॅटवर गेले. प्राणेशनं त्याच्या आईसमोर उभं राहून सगळं कबूल केलं. फक्त का, तेवढं सोडून. पण निशांत हुशार होता. तो एकदा प्राणेशकडे आणि एकदा मृण्मयीकडे बघून काय ते समजला. बाईंनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या की माणसानं कबूल केलं, झालं तर मग, आता ही घाल बोटात. मृण्मयीनं अंगठी घेतली. त्यांच्या पाया पडली. आणि अंगठी त्यांच्याच तळहातावर ठेवून त्यांची बोटं मिटली. तिनं त्यांची क्षमा मागितली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. आपण कुठं चुकलो ते त्यांना कळत नव्हतं, आणि त्या कुठंच चुकल्या नव्हत्या.

निशांत फाटकापर्यंत आला. प्राणेश चार पावलं पुढं जाऊन उभा राहिला, तरी त्याला ऐकू आलंच.

"खरा निघाला तरी?" निशांत म्हणाला.

"हो," मृण्मयी म्हणाली. "खरा निघाला तरी."

निशांतनं मान हलवली. मग प्राणेशला हाक मारून म्हणाला, "पुढच्या वेळी धुवा." आणि आत गेला. प्राणेशला आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस आवडला, आणि त्याचंही थोडं वाईट वाटलं.

दोघं बसथांब्यावर येऊन उभे राहिले. मग तीच म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही खोटा म्हणालात ना, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. मी पायरी उतरले आणि... हसले. गल्लीच्या टोकापर्यंत हसत होते. मोकळं वाटलं. आणि आज तुम्ही खरा म्हणालात, तेव्हा रडू आलं." तिनं बसच्या दिशेला बघितलं. "मलाही तो खोटाच हवा होता. म्हणून तर मीही धुवा म्हणाले नाही. पहिल्या दिवशी तुम्ही दोन्ही खडे धुतले होते, ते माझ्या लक्षात होतं."

प्राणेश काही बोलणार, तर बस आली.

"लगेच काही विचारू नका," चढताना ती म्हणाली. "मी तुमच्यावर रागावलेय. खरंच रागावलेय. तो राग जाऊ दे आधी."

ती आली नाही. आठवडा गेला. प्राणेशला आता कुणाचा हेवा करावा तेही कळेना. तो तिच्या बसचा करू लागला, रोज तिला घेऊन जाते म्हणून. शंभूराव त्याच्यापुढं सोपी कामं ठेवत आणि विचारत काही नसत.

तुळशीच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी साखरपुडा व्हायचा होता त्याच दिवशी, ती संध्याकाळी पायरी चढून आली. केस घट्ट बांधलेले. डोक्यावर तेलाचा थेंब नव्हता.

"अंगठी करायचीय," ती म्हणाली.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. सीझेडची. सीझेड म्हणून." मग त्याचा चेहरा बघून, "असा काय बघतोस? माप घे ना."

'तुम्ही'तून 'तू' कधी झालं ते त्याला कळलंच नाही. त्याचे कान मागे राहिले आणि हात पुढं गेला. त्यानं तिच्या बोटात मापाची कडी घातली, काढली, पुन्हा घातली. पहिलीच बरोबर बसली होती. मग कपाटातून खडे काढले. तिनं एक निवडला. तो त्यानं साबणाच्या पाण्यात धुतला. पुसला. पुन्हा धुतला.

आता मात्र ती हसली, पहिल्या दिवशीचं हसू. "पुरे रे. झिजेल तो."

"झिजतोच हा," प्राणेश म्हणाला. "वीस-चोवीस वर्षांनी कडा जातात. सांगून ठेवतो आधीच."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "सांगतोस का ते बघत होते."

दुसऱ्या टेबलावर शंभूरावांचा हातोडा थांबला. त्यांनी चष्मा काढला, फडक्यानं पुसला, आणि चहा सांगून येतो म्हणत उगाचच बाहेर पडले.

ती वाकली आणि खड्यावर फुंकर घातली. तोही बघायला वाकला. वाफ पांढरी होऊन बसली. या वेळी मोजत ती होती, अगदी हळू... एक, दोन, तीन, चार.

"चार," ती म्हणाली. "तू तीन म्हणाला होतास."

"जवळून फुंकलं की," प्राणेश म्हणाला, "थांबते स्वल्प जास्त."